पाऊस पडत असण्याची शक्यता

बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना ‘पाऊस पडतोय’ असं म्हणायला तयार नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. विनायक डोंगरे. ते आधी खिडकी उघडत, हात बाहेर काढत, ओला तळवा चष्म्याजवळ नेऊन नीट निरखत आणि मग म्हणत, “पडत असण्याची शक्यता आहे.”

डोंगऱ्यांची सगळी नोकरी महाराष्ट्रातल्या एका वेधशाळेत झाली. रोजचा हवामानाचा अंदाज लिहायचा, हे काम. त्या नोकरीत माणूस दोन गोष्टी शिकतो, असं ते सांगत. एक, आकाश कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आणि दोन, ‘नक्की’ हा शब्द लिहायचा नाही. “लिमये, एकदा नक्की लिहिलंत की दुसऱ्या दिवशी लोक ओलेचिंब होऊन तुमच्याच दारात उभे राहतात.”

पत्नी गेल्यावर त्यांच्या मुलीनं, मंजिरीनं, त्यांना आयर्लंडला आणलं. माझी पत्नी शरयू आणि मी त्याआधीच मुलाकडे डब्लिनजवळच्या ल्यूकनला येऊन राहिलो होतो. त्यांचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून, मध्ये डोक्याएवढं लाकडी कुंपण. एके दिवशी त्या कुंपणावरून एक टक्कल आणि एक जाड चष्मा हळूहळू वर आला.

“नमस्कार. तुम्ही मराठी असण्याची शक्यता आहे.”

“कशावरून?”

“दोरीवर पंचा आहे.”

त्यानंतर ते टक्कल रोज उगवू लागलं. सूर्यापेक्षा नियमित उगवायचं, पण या देशात ती काही फार मोठी स्तुती नाही.

डोंगरे जगातल्या सगळ्या गोष्टी वेधशाळेच्या भाषेत सांगत. मंजिरीचा मूड कसा आहे विचारलं, तर “अंशतः ढगाळ. संध्याकाळी गडगडाटासह.” जावयाला बढती मिळाली तेव्हा “तुरळक ठिकाणी आनंद.” मी केलेला उपमा खाऊन ते म्हणाले, “मीठ सरासरीपेक्षा कमी. पण परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत.” त्यांच्या नातवाला मराठी समजे, पण तो उत्तर आयरिश चालीच्या इंग्रजीत देई. शाळा कशी झाली या प्रश्नाला त्याचं कायम “इट्स ग्रँड, आजोबा.” डोंगरे म्हणत, “हा ग्रँड शब्द फार उत्तम. परीक्षा बुडाली तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. आमच्या खात्यात असता तर आम्ही सगळे बढत्या घेऊन निवृत्त झालो असतो.”

आणि त्यांचा दुसरा मंत्र होता, “कोण म्हणतं?”

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी काहीतरी सिद्ध झालेलं असे. शेवग्याच्या पाल्यानं गुडघे नवे होतात. मायक्रोवेव्हमध्ये भात गरम केला की स्मरणशक्ती जाते. शंख वाजवला की जंतू मरतात, परदेशी शास्त्रज्ञही थक्क. त्या प्रत्येकाखाली डोंगऱ्यांचे दोन शब्द पडत: कोण म्हणतं? त्यांना ग्रुपमधून तीनदा काढलं. तीनदा शरयूनं भांडून परत घ्यायला लावलं. “अहो, ते शिव्या देत नाहीत, नुसतं विचारतात,” ती म्हणायची. लोकांना नेमका त्याचाच राग होता.

माझ्या मुलानं मला फोनवर एक नवा हुशार मदतनीस बसवून दिला. काहीही विचारा, मराठीत घडाघडा उत्तर देतो. मी मोठ्या अभिमानानं तो डोंगऱ्यांना दाखवला. त्यांनी विचारलं, उद्या ल्यूकनला पाऊस आहे का. त्यानं ठणकावून सांगितलं, नाही, उद्या दिवसभर स्वच्छ ऊन असेल.

“कोण म्हणतं?” डोंगऱ्यांनी फोनला विचारलं.

फोननं ताबडतोब माफी मागितली आणि पाऊस पडू शकतो असं कबूल केलं.

डोंगरे बेहद्द खूश झाले. “वा! आमच्या साहेबांनी तीस वर्षांत एकदा माफी मागितली नाही. पण लिमये, ज्याला आपलं म्हणणं सोडायला एवढाच वेळ लागतो, त्याच्या भरवशावर कपडे वाळत घालू नका.”

बसथांब्यावरच्या पाटीवर त्यांचं विशेष प्रेम होतं. पाटी सांगते, बस तीन मिनिटांत. मग दोन. मग एक. मग बस पाटीवरून नाहीशी होते आणि रस्त्यावर तर ती कधी नव्हतीच. बाकीचे प्रवासी चरफडत. डोंगरे मान डोलावत. “ही पाटी लावणारा माणूस आमच्यापैकीच,” ते म्हणत. कुठेही जायचं नसलं तरी थांब्यावर बसून ते ही भुताची बस बघत.

स्थानिक निवडणूक आली. इथे नगरसेवक निवडायला आपल्यासारख्या परक्या रहिवाशांनाही मत असतं, आणि उमेदवार स्वतः दारोदार येतात. एक तरुण उमेदवार डोंगऱ्यांच्या दारात आला आणि म्हणाला की आपण निवडून आलो तर बस वेळेवर धावतील.

“हू सेज?” डोंगऱ्यांनी विचारलं.

“वेल, आय डू,” तो बिचारा म्हणाला.

डोंगऱ्यांनी त्याला आत घेतलं, आल्याचा चहा पाजला आणि अंदाज कसा लिहावा यावर शिकवणी घेतली. वेळेवर येतील असं म्हणू नकोस, येण्याची शक्यता वाढेल असं म्हण. लोक जास्त विश्वास ठेवतील. पोरगा बाहेर पडला तेव्हा पाऊस थांबला होता आणि तो छत्री विसरून गेला. मतदानाला इथे एकाच नावावर शिक्का मारायचा नसतो. पहिली पसंती, दुसरी, तिसरी, असे आकडे घालायचे. ते बघून डोंगऱ्यांचे डोळे भरून यायचे तेवढे बाकी राहिले. “लिमये, ही खरी लोकशाही! हा नाही तर हा, हाही नाही तर तो. नक्की कुणीच नाही.”

असा हा माणूस. आता ज्यासाठी लिहायला बसलो, तिकडे वळतो.

शरयूला जिना चढताना धाप लागू लागली. चार पायऱ्या चढून ती मध्येच बसायची. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, ती बदलायला हवी आणि उशीर करू नका, असं डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावून सांगितलं. घरी आल्यावर शरयूनं शांतपणे विचारलं, “कोण म्हणतं?”

मी आधी हसलो. पण ती तेच धरून बसली. मशीन म्हणतं? मशीनला काय कळतं. डॉक्टर म्हणतात? त्यांनी माझं काळीज कुठे उघडून पाहिलंय? मुलानं समजावलं, सुनेनं समजावलं, मी ओरडलो. प्रत्येकाला ते दोन शब्द. तिकडे तिचे ओठ निळसर दिसू लागले होते.

माझं डोकं फिरलं. मी अंगणात गेलो आणि कुंपणावर थाप मारली. टक्कल वर आलं.

“डोंगरे, तुमच्या कोण-म्हणतंपायी माझी बायको जाणार आहे. तुमचा खेळ होतो. यापुढे या कुंपणावर डोकं काढू नका.”

मला वाटलं होतं, ते वाद घालतील. पण टक्कल जसं हळूहळू उगवायचं, तसंच हळूहळू मावळलं.

पाच-सहा दिवसांनी चहा पिता पिता शरयू म्हणाली, “करून घेते ऑपरेशन.” बस, एवढंच. माझ्या ओरडण्याचा परिणाम झाला, असं मी समजलो. तसंच सगळ्यांना सांगितलंही.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि मुलगा रुग्णालयात वरच्या मजल्यावर बसून होतो. खिडकीतून समोरच्या रस्त्यावरचा बसथांबा दिसत होता. पाहतो तर तिथे डोंगरे. पावसात छत्री धरून उभे. बस आली, दार उघडलं, त्यांनी हात हलवून तिला पुढे जायला सांगितलं. दुसरी आली, तीही सोडली. “बघ,” मी मुलाला म्हणालो, “आजच्या दिवशीही म्हाताऱ्याला बसचा खेळ सुचतोय.” दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. सगळं ठीक झालं होतं. मुलानं फोनवरून चार घरी कळवलं, मंजिरीलाही. मग मी पुन्हा खिडकीतून पाहिलं, तर थांबा रिकामा होता. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

शरयू खडखडीत बरी झाली. दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात मला माइक मिळाला आणि मी ही सगळी गोष्ट रंगवून सांगितली. ‘कोण म्हणतं’नं माझी बायको जवळजवळ घालवली होती, मी तिला कशी ताळ्यावर आणली, आणि ऑपरेशन चालू असताना हे महाशय बाहेर बसगाड्या कसे मोजत होते. हॉल हसून हसून लोळला. डोंगरे तिसऱ्या रांगेत बसले होते. तेही हसले. शरयू मात्र माझ्याशी घरी येईपर्यंत बोलली नाही. दमली असेल, असं मला वाटलं.

गोष्ट माझ्यापेक्षा वेगानं फिरली. तासाभरावरच्या पोर्टलीश गावी एका बारशाला गेलो, तर तिथल्या एका अनोळखी गृहस्थानं ती मलाच सांगितली. डोंगऱ्यांनी कुठे तोंड उघडलं की तरुण मंडळी म्हणायची, “काका, तुम्ही नका हं बोलू, आमच्या आईचं ऑपरेशन आहे.” गमतीतच. पण ग्रुपवरचे ते दोन शब्द दिसेनासे झाले. मग डोंगरेही दिसेनासे झाले. मग मंजिरीला उत्तरेकडच्या डंडॉक गावात नोकरी लागली आणि ते सगळे तिकडे राहायला गेले. जाताना ते कुंपणापाशी आले, मला म्हणाले, “येतो, लिमये. ओलावा सांभाळा.” मी बरं म्हणालो. आता त्या घरात नवे लोक आहेत. त्यांच्याकडे कपडे वाळवायचं यंत्र आहे. दोरी रिकामी असते.

गेल्या महिन्यात घरी पाहुणे आले होते. मी नेहमीची गोष्ट सुरू केली. बसथांब्यापर्यंत आलो आणि शरयूनं कप खाली ठेवला.

“पुरे झालं,” ती म्हणाली. पाहुण्यांसमोरच. आणि तिनं जे सांगितलं, ते असं.

मी कुंपणावर ओरडलो, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पाऊस आला म्हणून ती अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. पलीकडे डोंगरे आपले कपडे काढत होते. डोकं वर काढायची बंदी असल्यामुळे फळ्यांच्या फटीतून बोलले.

“वहिनी, रागावणार नसाल तर एक सांगतो. कोण म्हणतं असं विचारलं की उत्तर ऐकायला थांबायचं असतं. तुम्ही विचारता आणि पळता. हा संशय नाही. ही भीती आहे.”

शरयू तिथे ओल्या कपड्यांचा ढीग धरून रडली. घरात कुणासमोर रडली नव्हती. सगळे तिला समजावत होते, तिला भीती वाटते का हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. तिनं फटीतून विचारलं, “भाऊजी, मी उठेन ना त्यातून?”

फटीतून तिला त्यांचा चष्मा आभाळाकडे वळलेला दिसला. सवयच ती. मग म्हणाले, “उठाल. नक्की.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

“मग ते थांब्यावर...” मी म्हणालो.

“आयुष्यात पहिल्यांदा नक्की म्हणाले होते ते,” शरयू म्हणाली. “घरी बसवणार होतं का त्यांना?”

“हे तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस?”

“त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, लिमयांना कळू देऊ नका, एवढ्या वर्षांची अब्रू आहे माझी. आणि मला वाटायचं, कधीतरी तुमची तुम्हीच ती गोष्ट सांगायची सोडाल.”

पाहुणे चहा अर्धवट टाकून गेले, हे बरं झालं.

म्हणून हे लिहितो आहे. माझी ती गोष्ट खोटी आहे. ज्यांनी ती हसत हसत पुढे सांगितली, त्यांनी ही दुरुस्तीही पुढे सांगावी. आज सकाळी शरयू न थांबता जिना चढून वर आली आणि खिडक्या पुसल्या नाहीत म्हणून मला बोलली. ते बोलणं मला ऐकायला मिळालं, ते कुंपणापलीकडच्या त्या माणसामुळे.

पाहुणे गेले त्याच दिवशी मी डंडॉकला फोन लावला. पलीकडे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. घरात आणखी कुणाचा आवाज नव्हता.

“डोंगरे, तुम्ही शरयूला नक्की म्हणाला होतात?”

“कोण म्हणतं?”

“शरयू म्हणते.”

बातम्यांचा आवाज बारीक झाला. मग ते म्हणाले, “वहिनी बऱ्या आहेत ना?”

“चांगल्या आहेत. मला बोलतात रोज.” मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “डोंगरे, माझं चुकलं. आम्ही दोघं रविवारी येतो तुमच्याकडे, बसनं.”

“बस आहे का रविवारी?”

“पाटीवर तरी आहे.”

ते हसले. मग त्यांनी मला एक असा प्रश्न विचारला, जो त्यांनी आकाशाला, सरकारला किंवा माझ्या फोनला कधीच विचारला नव्हता.

“नक्की?”

“मी म्हणतो,” मी म्हणालो.