भट्टीची वाट समुद्रातून

कच्च्या रोट्या भाजायला गावभट्टीला न्यायची फळी मी होडीला ठोकली. होडीला भोक पडलं होतं आणि फळी रिकामी होती. यात माझं काय चुकलं? (बायकोचं, इज्जाचं, मत वेगळं आहे. ते ऐकायला गावाला कान द्यावे लागत नाहीत.)

नेमके त्याच दुपारी आमच्या पोरीला, तूदाला, सून म्हणून बघायला डोंगरातले हाजी बिही जेवायला येणार. घराणं नामी, माणूस तिरसट. रोटी चिवट निघाली म्हणून एका ठिकाणची बोलणी मोडून आलेला.

"म्हाताऱ्या, कणीक फुगलीय. फळी कुठाय?" इज्जा ओरडली.

"होडीला."

"मग रोट्या तुझ्या टकलावर थापू? आज पोरीचं मोडलं, तर तू होडीतच राहायचं!"

माडीवर हॉलंडचा यान भाड्यानं राहतो. त्याची लाटेवर उभं राहायची फळी अंगणात टेकलेली, तो घोरत पडलेला. ही माणसं लाटेवर उभं राहायला पार मोरोक्कोला येतात. मासे धरत नाहीत, काही नाही, नुसती उभी राहतात. उभंच राहायचं तर यांच्या देशात जमीन नाही?

पाय घसरू नये म्हणून फळीला मेण फासलेलं, नारळाच्या वासाचं. तिच्यावर रोट्या मांडल्या, घट्ट बसल्या. म्हटलं बेस झालं. वर फडकं बांधलं आणि फळी डोक्यावर घेऊन निघालो.

वळणावर वाळवंटाकडचा वारा सुटला. आमची फळी हातभर, ही माझ्याहून लांब. वाऱ्यानं तिचं तोंड समुद्राकडे केलं. खाली मी होतो, माझंही झालं. उतारावर पाय थांबेनात.

"बाबा, भट्टी इकडे!" भट्टीवाला मसूद ओरडला.

"मला ठाऊकाय! फळीला सांग!"

गळाभर पाण्यात गेल्यावर फळी किनाऱ्याकडे वळवून तिच्यावर चढलो. मागून लाट आली. आडवं पडावं तर पुढ्यात रोट्या. आमच्यात रस्त्यात पडलेला तुकडासुद्धा उचलून, मुका घेऊन कडेला ठेवतात. मी अन्नावर पोट टाकू? झक मारत उभा राहिलो. (पडलो असतो तर निदान अब्रू राहिली असती.) लाटेनं सरळ वाळूत आणून सोडलं. जागा झालेला यान टाळ्या पिटत नाचत होता. त्याच्या शेजारी हाजी बिही.

त्यांनी समुद्र एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलेला. "तुमच्याकडे रोट्या अशा येतात?"

"भट्टी लांब पडते," मी म्हणालो.

मसूदनं रोट्या भाजून दिल्या. जेवताना हाजींनी पहिला घास घेतला. चावला. थांबले.

"मीठ झकास. पण हा नारळाचा वास?"

"आमच्या घरची पद्धत," इज्जा बेधडक म्हणाली.

हाजींनी ताटली पुसून काढली. "पोरगी पसंत. एवढंच सांगा, बापावर नाही ना गेली?"

मी तोंड उघडायच्या आत इज्जानं शपथ घेतली. दाराआडून तूदानं घेतली. यानला आमची भाषा ओ की ठो कळत नाही, तरी त्यानंही हात वर केला.