एक दिवस आधीचे प्रमुख पाहुणे

जानराव गुरुजी बार्शीटाकळीजवळच्या सामायिक शेतात प्रमुख पाहुणे म्हणून पोचले, तेव्हा तिथे ना मंडप होता ना खुर्ची. कार्यक्रम उद्या होता. जन्मभर पोरांना वेळेचे महत्त्व शिकवणारे गुरुजी चक्क एक दिवस आधी आले होते. बायको गेल्यापासून त्यांचे वार असेच एकमेकांत मिसळून जात.

वस्तीने मिळून पिकवलेली इथली भाजी ज्याच्या घरी चूल अडली असेल त्याच्यासाठी असे. येणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून एकच नियम होता : कोण, कुठला, कशाला आला, हे विचारायचे नाही.

केशरबाई मेथीच्या वाफ्यातून उठल्या. गुरुजींच्या सदऱ्याचे तुटलेले बटण त्यांना दिसले आणि त्या मुकाट्याने पिशवीत वांगी भरू लागल्या.

"बाई, मी प्रमुख पाव्हना आहो!"

"इथं येते तो पाव्हनाच असते, भाऊ."

"तसं नाही! मले काही नाही लागत. माही पेन्शन हाय."

"हो न. पयल्या दिवशी सारे असंच म्हनतेत." मेथीची आणखी एक जुडी पिशवीत पडली.

गुरुजींनी घाईघाईने खिशातून भाषणाचा कागद काढला. "हे पाहा! 'मानसानं कोनापुढं हात पसरू नये', यावर बोलनार आहो मी!"

केशरबाईंचे डोळेच भरून आले. "किती मानी मानूस," असे पुटपुटत त्या ताट वाढायला गेल्या.

गरम भाकरीपुढे गुरुजींचा नकार टिकला नाही. दुपारचे ऊन तुरीच्या पिवळ्या फुलांवर पेंगत होते, पाटाचे पाणी सावकाश वाफ्यात शिरत होते. "अजून घ्या," असे त्यांना कितीतरी महिन्यांनी कोणी म्हटले. जेवणानंतर सदरा फांदीला अडकवून ते निंबाखाली जरा आडवे झाले. स्वप्नात बायको बटण लावत होती. जागे होऊन पाहतात तो सदऱ्याला खरेच बटण होते, फक्त निळे.

दुसऱ्या दिवशी मंडप होता, हार होता. सूत्रसंचालन करणाऱ्या वस्तीतल्या संघपालने प्रमुख पाहुण्यांचे नाव पुकारले, गुरुजी उभे राहिले, आणि केशरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

गुरुजींनी कागद उघडला. निळ्या बटणावरून बोट फिरवले आणि कागद पुन्हा खिशात ठेवला.

"भाषन राहू द्या," ते म्हणाले. "केशरबाई, पिशवी घरी नेली, पन एकट्यासाठी सयपाक करवत नाही. आजबी मले इथंच वाढसान का?"

नियमाप्रमाणे केशरबाईंनी काहीच विचारले नाही. त्या ताट घ्यायला उठल्या.