शून्य पुढच्या सुट्टीला

आमच्या बँकेच्या टोकियो ऑफिसातले लिमये-सान मायक्रोवेव्हला कधी वाजू देत नसत. डबा आत ठेवायचा, दोन मिनिटं लावायची आणि हाताची घडी घालून समोर उभं राहायचं. आकडे उतरत उतरत तीन, दोन, एक झाले की झडप घालून दार उघडायचं. मला आधी वाटलं, माणूस भिडस्त आहे, इतरांना आवाजाचा त्रास नको म्हणून जपतोय. टोकियोत राहून अशा सवयी लागतात. पण एकतीस डिसेंबरला आमच्या घरी सगळे मिळून उलटे आकडे म्हणत होते, तेव्हा हे गृहस्थ 'तीन'ला उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, ते सगळ्यांच्या गळाभेटी झाल्यावरच बाहेर आले. बँकेत उभा जन्म काढलेला माणूस, पण शून्य हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. मीटिंगमध्येसुद्धा ते 'बॅलन्स निल आहे' म्हणत.

टोकियोच्या ओजिमा भागात, आमच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर ते एकटे राहत. आम्ही चौथ्या. लग्न केलं नव्हतं. माझी बायको मेघना त्यांना स्पष्टच विचारायची, "का नाही केलंत हो?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "बघू की. घाई काय आहे?" तेव्हा त्यांना अठ्ठावन्नावं लागलं होतं. भारतात परत बदली मागायची, दात दाखवायचा, गळका नळ दुरुस्त करायचा, सगळ्याला हेच उत्तर. मुंबई ऑफिसने शेवटी कंटाळून त्यांना मार्चअखेर परत बोलावलं, तेव्हाही ते "बघू की" म्हणाले होते.

गेल्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाला ते डोंबिवलीला जाऊन आले. आपली माणसं तिकडून येताना लोणचं, मेतकूट, भाजणी आणतात. ह्यांनी माळ्यावरचं एक खोकं आणलं. त्यात हातभर लांबीचं, लाल-पांढरं खेळण्यातलं रॉकेट होतं. म्हणजे मी खेळण्यातलं म्हणालो आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे देसाई, हे उडतं," ते म्हणाले. "म्हणजे उडू शकतं. इंजिन घातलं की पार दिसेनासं होतं."

त्यांचे वडील मालवाहू जहाजावर वायरलेस ऑफिसर होते. कुठल्याशा अमेरिकन बंदरात त्यांनी हा संच मुलासाठी घेतला होता. इंजिनात स्फोटक दारू असते, त्यामुळे ती जहाजावर आणता आली नव्हती. बापलेकांनी मिळून रॉकेट जोडलं, रंगवलं आणि ते कपाटावर उभं राहिलं. एवढंच त्यांनी तेव्हा सांगितलं.

मग दुरुस्ती सुरू झाली. शेपटीच्या लाकडी पंखांना कीड लागली होती, नळीला पोचा आला होता. रविवारी वर चहाला गेलं की लिमये-सान चष्मा कपाळावर सारून पंख घासत बसलेले असत. बारीक पॉलिश पेपरचा खसखस असा आवाज, खिडकीतून येणारं थंडीतलं फिकं ऊन, आणि त्या उन्हात तरंगणारा लाकडाचा भुसा. त्या घरात वेळ जरा हळू चालत असे. मी दहा मिनिटांसाठी जायचो आणि खाली येईपर्यंत जेवणाची वेळ झालेली असायची. हिवाळ्यात इमारतीच्या सगळ्या बाल्कन्यांत गाद्या वाळत असतात. ह्यांच्या बाल्कनीत रॉकेट वाळे. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला असतो, तेव्हा तो भुसा नक्की कुठल्या वारी टाकायचा, हे विचारायला ते इमारतीच्या व्यवस्थापकाकडे गेले. त्या सज्जन माणसाने "रॉकेटचा भुसा" हे शब्द ऐकल्यावर वॉर्ड ऑफिसला फोन लावला. तिकडून बऱ्याच वेळाने उत्तर आलं, जळणारा कचरा, मंगळवार.

जुनं पॅराशूट चिकटून त्याचा बोळा झाला होता. नवीन त्यांनी साड्यांच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीचं कापलं. त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मी म्हटलं, "लिमये-सान, हे आकाशात जाणार आहे." "जाऊ दे की," ते म्हणाले, "वर कोण परत करायला येतंय?"

इंजिन विकत घ्यायला इथे परवाना लागतो. तो मिळवायला त्यांनी शाळकरी पोरांच्या वर्गात, गुडघे हनुवटीला टेकतील अशा खुर्चीवर बसून, कागदाचं छोटं रॉकेट केलं. ते उडवताना पोरांनी जपानीत मोजायला सुरुवात केली आणि हे नेहमीप्रमाणे 'एक'लाच बटण दाबून मोकळे झाले. निशिमुरा-सान म्हणून शिकवणारे आजोबा होते, त्यांनी वाकून नमस्कार करत पुन्हा पुन्हा समजावलं, की कृपया मोजणी पूर्ण होऊ द्यावी, लोक बेसावध असतात. परवाना मात्र दिला.

निशिमुरा-सानचा क्लब टोकियोबाहेर चिबाकडे भात कापलेल्या शेतात रविवारी रॉकेटं उडवतो. फेब्रुवारीत आम्ही तिघं पहिल्यांदा गेलो. रॉकेट टॉवेलात गुंडाळून लिमये-सानच्या मांडीवर, मेघनाच्या पिशवीत थालीपीठं. शेतात पोहोचल्यावर त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं आणि म्हणाले, "वारा आहे. पुढच्या वेळी बघू." थालीपीठं खाऊन परत. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्यांदा गेलो तो मार्चमधला रविवार त्यांचा इथला शेवटचा होता. पुढच्या शुक्रवारी ऑफिसात निरोप, शनिवारी विमान. इंजिन विमानात नेता येत नाही, तिकडे मिळायची खात्री नाही. आज नाही तर हे रॉकेट पुन्हा कपाटावर.

त्या दिवशी लांब बांधावर कोणीतरी पालापाचोळा पेटवला होता आणि त्याचा धूर सरळ दोरीसारखा वर जात होता. लिमये-साननी रॉकेट उभ्या सळईवर चढवलं, तारा जोडल्या, मागे आले, बोट ओलं केलं आणि म्हणाले, "वाऱ्याचं काही सांगता येत नाही."

माझा संयम सुटत आला होता. मेघनाच म्हणाली, "लिमये-सान, वारा कुठाय? तो धूर बघा."

त्यांनी धुराकडे बघितलं. मग बटणाच्या डबीकडे बघत बोलू लागले. "बाबा सुट्टीवर आले ना, की रोज संध्याकाळी आम्ही हे गच्चीत न्यायचो. बाबा दहापासून मोजायचे. एकवर आले की थांबायचे आणि म्हणायचे, शून्य पुढच्या सुट्टीला. इंजिन मिळू दे. मी रडायचो. मग दोघं जिना उतरून जेवायला." त्यांनी डबीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "त्या पुढच्या सुट्टीआधीच गेले ते. जहाजावरच, झोपेत. मी आठ वर्षांचा होतो. आता मला कळतं रे सगळं, मी काही खुळा नाही. पण शून्य म्हटलं नाही, तोवर ती सुट्टी यायची आहे असं वाटतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या रिकाम्या शेतात इतकं शांत होतं, की दूरच्या रुळांवरून जाणारी गाडीसुद्धा ऐकू येत होती.

"देसाई, शून्य तू म्हण," ते म्हणाले.

मी म्हणणारही होतो. मेघनाने माझा हात धरला. "नाही हं," ती म्हणाली, "ते तुमचंच आहे."

पलीकडे क्लबची मंडळी आपापली रॉकेटं छातीशी धरून रांगेत उभी होती. लिमये-सानचं झाल्याशिवाय पुढचा कोणी हलणार नव्हता आणि घाई करा असंही कोणी म्हणणार नव्हतं. निशिमुरा-सान मान किंचित झुकवून वाट बघत होते. लिमये-साननी एकदा त्या रांगेकडे बघितलं. इतक्या लोकांना ताटकळत ठेवणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

त्यांनी मराठीत मोजायला सुरुवात केली. दहा, नऊ, आठ. आवाज त्यांचा वाटत नव्हता, जरा जाड, ऐटबाज होता. तीन, दोन, एक. मग ते थांबले. मला वाटलं, संपलं.

"शून्य," ते म्हणाले. शेजारच्या खोलीतल्या माणसाला हळूच हाक मारावी तसं.

सुर्रकन आवाज झाला आणि रॉकेट गेलं. आम्ही माना वर करेपर्यंत ते ठिपका झालं होतं, मग तेही दिसेना. लिमये-सान तोंड उघडं ठेवून वर बघत होते. बऱ्याच उंचावर काहीतरी चमकलं, उघडलं आणि सावकाश डोलत डोलत खाली येऊ लागलं. चिबाच्या निळ्या आभाळात मराठीतली सूचना हलकेच उतरत होती. निशिमुरा-साननी तिचा अर्थ विचारला. मी सांगितला, तेव्हा त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. रॉकेट धसकटांत उतरलं तरी लिमये-सान जागचे हलले नाहीत. मेघनाच जाऊन ते घेऊन आली. तिने ते हातात दिल्यावर त्यांनी नळीला गाल लावून बघितलं आणि म्हणाले, "गरम आहे अजून." त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

सोमवारी दुपारी मी पँट्रीत गेलो. लिमये-सान हाताची घडी घालून मायक्रोवेव्हसमोर उभे होते. तीन, दोन, एक. त्यांनी हात पुढे केला नाही. मायक्रोवेव्ह वाजला, सगळ्यांनी माना वळवून बघितलं. ते डबा न काढता तसेच उभे राहिले.

"लिमये-सान, झालं की," मी म्हणालो.

"हो रे, ऐकतोय," ते म्हणाले. "छान वाजतं."