वर जाऊ नकोस

आमचा फुटबॉल क्लब या मोसमात पहिल्या विभागातून खालच्या विभागात गेला.

वरील वाक्य चुकून छापले गेले आहे. असे काही घडलेले नाही. वाचकांनी ते वाचलेच नाही असे समजून पुढे यावे.

माणसाचे वाईट व्हायचे तर ते आधी कोणीतरी बोलून दाखवावे लागते, हे सर्वमान्य सत्य आहे. 'सांभाळ, कप फुटेल' असे म्हणेपर्यंत कप सहसा धड असतो. आमच्या क्लबचेही तसेच. मोसमाचे सुरुवातीचे सामने ओळीने हरून संघ गुणतक्त्याच्या तळाशी जाऊन बसला, तेव्हा अध्यक्षांनी तातडीची बैठक बोलावली. (अध्यक्षांचा लिफ्टचा कारखाना आहे. खेळाडूंच्या पाठीवर 'आम्ही वर नेतो' असे छापलेले असते.) बैठकीत बचाव कच्चा आहे, आघाडीच्या खेळाडूला धाप लागते, असे काही किरकोळ मुद्दे निघाले. ते बाजूला सारून अध्यक्षांनी रोगाच्या मुळावरच बोट ठेवले.

"जो तो उठतो आणि 'खाली जाणार, खाली जाणार' करतो. अरे, सारखं म्हटल्यावर जाणार नाही तर काय होईल?"

इतके अचूक निदान क्लबच्या इतिहासात झाले नव्हते. टाळ्यांच्या गजरात 'खाली' हा शब्द क्लबच्या हद्दीत बंद करण्यात आला.

विरोध एकट्या प्रशिक्षकांनी केला. प्रशिक्षक हे अध्यक्षांचे जावई आहेत. त्यांनी हात वर केला (दिशेबद्दल अध्यक्षांनी त्यांचे कौतुक केले).

"बाबा, मैदानावर मला लागतो हो तो शब्द."

"जावईबापू, शब्दकोश एवढा जाड असतो. त्यातला दुसरा घ्या एखादा."

आणि मग, पाहुण्याला पाणी विचारावे इतक्या सहज, त्यांनी पुढे सांगितले की ज्याच्या तोंडून तो शब्द निघेल तो क्लबमधून निघेल. शिवाय मोसमाच्या शेवटी क्लब पहिल्या विभागात नसेल, तर प्रशिक्षकही क्लबमध्ये नसेल. नातेगोते बघितले जाणार नाही. जावयांना फुटबॉलखेरीज काहीच येत नव्हते. लग्न ठरताना 'मुलगा काय करतो?' याला 'फुटबॉल' एवढेच उत्तर होते, आणि ते सासूबाईंच्या घशातून अजून पुढे सरकलेले नाही (या वाक्प्रचाराचे मूळ रूप बंदीत गेले आहे).

पुढील काम शब्दशुद्धी उपसमितीकडे सोपवण्यात आले. उपसमिती तिघांची होती आणि तिघांनाही दुसरे काम नव्हते, त्यामुळे प्रगती झपाट्याने झाली. उतरणे, घसरणे आणि पडणे हे शब्द पहिल्याच बैठकीत गेले. 'तळ' गेल्यावर तळपाय गेला, आणि मालिशवाल्याला दुखापतीच्या नोंदीत 'पायाची ती बाजू' असे लिहावे लागले. तळलेले पदार्थही गेले. कँटीनवाल्याने 'तेलातून पोहून आलेले' अशी पाटी लावली आणि खप वाढला. 'कपडे' या शब्दाच्या पोटात 'पडे' दडून बसले आहे हे एका सदस्याला आंघोळ करताना सुचले. प्रदीर्घ चर्चेनंतर कपडे चालू ठेवावेत, फक्त तसे म्हणू नये, असे ठरले.

कार्यालयीन पत्रांत 'खालील सही करणार' लिहिणे बंद झाल्याने सह्या पत्राच्या माथ्यावर आल्या. अध्यक्ष आधी कोऱ्या कागदावर सही करीत, मजकूर नंतर सुचेल तसा भरला जाई. कारभारात यामुळे कमालीची गती आली. कार्यालयाच्या जिन्यावर 'फक्त चढण्यासाठी' अशी सूचना लागली. घरी जाताना सभासद तोंड वरच्या दिशेला ठेवून उलटी पावले टाकू लागले. दोघांचे पाय मुरगळले, पण नजर वरच राहिली.

मैदानावर मात्र पंचाईत झाली. जावयांची प्रशिक्षणाची सगळी विद्या 'खाली ये रे!' या एका हाकेत सामावलेली होती. बचावपटू गोल करायच्या मोहाने पुढे गेला की ही हाक मारायची, तो आपल्या जागेवर यायचा, घर सांभाळायचा. आता हाक मारणार कशी? घरी यावर चर्चा झाली.

"अहो, 'मागे ये' म्हणा ना," बायको म्हणाली.

"तो पण बंद. गुणतक्त्यात आपण तिथेच आहोत ना सगळ्यांच्या."

"मग 'परत ये' म्हणा."

"म्हणून बघितलं. आजोबा थेट माझ्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणे, 'काय सर?'"

(आजोबा हा आमचा मुख्य बचावपटू. वय फार नाही, गुडघ्यांवरून नाव मिळाले आहे.)

बराच विचार करून जावयांनी नियमात बसणारी हाक शोधली: "वर जाऊ नकोस!" व्याकरणाने ती निर्दोष होती. परंतु मराठीत नकार शेवटी येतो आणि मैदानावर वारा असतो. वारा शेवटचा शब्द घेऊन जायचा आणि आजोबाच्या कानी फक्त 'वर जाऊ' एवढेच यायचे. प्रशिक्षकही आपल्यासोबत यायला निघालेत, असे वाटून त्याला दुप्पट हुरूप चढायचा. तो उरलेल्या बचावपटूंनाही हात करून घेऊन जायचा.

अशा रीतीने आमचा अख्खा संघ आक्रमणाला जाऊ लागला. घरी उरायचा एकटा गोलरक्षक. त्याला सगळे कुलूप म्हणतात (उघडे की बंद, हे नावात स्पष्ट केलेले नाही). समोरच्या संघांनी असले काही पाहिले नव्हते. ते बावरले, आणि आम्ही चक्क काही सामने जिंकलो. वर्तमानपत्रांनी जावयांच्या 'निर्भय डावपेचां'वर लिहिले. सासूबाईंनी त्यांना जेवताना आपणहून वाढले. नंतर प्रतिस्पर्ध्यांना युक्ती कळली आणि आम्ही पुन्हा हरू लागलो. एकूण मोसमात सर्वाधिक गोल करणारा संघ आमचा आणि सर्वाधिक गोल खाणाराही आमचाच. दोन्ही आकडे एकत्र केल्यास आम्ही निर्विवाद पहिले येतो, परंतु तशी बेरीज करण्याची पद्धत नाही.

होता होता शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी क्लब तरणार होता आणि जावईही. खेळ संपत आला होता, बरोबरी टिकून होती, पंच घड्याळाकडे बघू लागले होते. प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत चपळ खेळाडू मध्यरेषेजवळ एकटाच उभा राहून केस नीट करीत होता. आणि तेव्हाच आजोबाला गोल करावासा वाटला.

"वर जाऊ नकोस!" जावई ओरडले.

"आलो, सर! चला!" आजोबाने हात केला आणि गुडघे सांभाळत पुढे सुटला. बाकीचे बचावपटू निघालेच.

प्रेक्षकांत पहिल्या रांगेत अध्यक्ष आणि त्यांची लेक शेजारी बसले होते. लेक उभी राहिली.

"अहो, म्हणून टाका! बाबांचं काय ते मी बघते!"

"जावईबापू, जीभ सांभाळा!" अध्यक्ष गरजले.

जावयांनी एकदा बायकोकडे पाहिले, एकदा सासऱ्यांकडे, एकदा त्या केस नीट करणाऱ्याकडे. मग मोसमभर साठवलेला सगळा आवाज एकत्र करून ते ओरडले, "खाली ये!"

या वेळी वारा नव्हता. हाक सगळ्यांना ऐकू गेली. आमच्या खेळाडूंची शिस्त अशी, की तो शब्द कानी येताच सगळे जागच्या जागी थांबले आणि अध्यक्षांकडे वळून बघू लागले. आजोबाने जीभ चावली. कुलपाने तर गोल सोडून चार पावले पुढे येऊन पाहिले. प्रतिस्पर्धी संघाला आमचे नियम लागू नसल्यामुळे त्यांनी चेंडू त्या एकट्या खेळाडूकडे दिला. तो धावलाही नाही. चेंडूला सोबत घेऊन, फिरायला निघाल्यासारखा गेला आणि जाळ्यात सोडून आला.

"अरे, तू कुठे बघत होतास?" कुलपाला नंतर विचारले.

"साहेबांनी ऐकलं का, ते बघत होतो."

चौकशी झाली. शब्द आधी उच्चारला गेला आणि गोल नंतर झाला, हा क्रम सर्व साक्षीदारांनी मान्य केला. सबब बंदी योग्यच होती हे सिद्ध झाले. क्लब सध्या कोणत्या विभागात आहे हे अहवालात लिहिता आलेले नाही, कारण त्यासाठी लागणारा शब्द उपलब्ध नाही. आमची अधिकृत भूमिका अशी, की आम्ही होतो तिथेच आहोत, बाकीचे संघ उगाच इकडेतिकडे गेले आहेत.

प्रशिक्षकांना दूर करतानाही अडचण आली. 'पायउतार' यादीत होताच. 'हकालपट्टी' शिल्लक होता, परंतु "कोण हाकलतं तेच बघते," असे लेकीने म्हटल्यावर तोही त्याच दिवशी बंद करण्यात आला. शेवटी त्यांना वर पाठवण्यात आले. (घाबरू नये, ते जिवंत आहेत. लिफ्टच्या कारखान्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बटणे तपासतात.) दुपारी ते गच्चीवर जातात. तिथून मैदानाचा एक कोपरा दिसतो. कठड्याला धरून ते बघत राहतात, ओठ हलतात, आवाज येत नाही. बायको रोज डबा घेऊन लिफ्टने वर येते. ती घरी कशी जाते, हे क्लबने विचारलेले नाही.

राहता राहिले वाचक. पहिल्या ओळीपासून आपण आम्हाला हसत आहात. हरकत नाही. परंतु पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंत आपली नजर कोणत्या दिशेने आली, याकडे उपसमितीचे लक्ष गेले आहे. आपल्याला कोणी ढकलले नव्हते. पान उघडले तेव्हा आपण सर्वांत वर होता, आणि ओळीगणिक, हसत हसत, स्वखुशीने इथवर पोचलात.

तरी सर्व वाचकांना विनंती करण्यात येते की त्यांनी हा मजकूर आता शेवटच्या शब्दापासून वाचत वर जावे. तसे वाचल्यास चेंडू जाळ्यातून बाहेर येतो, आजोबा उलट पावलांनी आपल्या जागेवर जातो, हाक जावयांच्या तोंडात परत शिरते आणि त्यांची नोकरी शाबूत राहते. हे सर्वांनी मिळून करणे आवश्यक आहे. एकाही वाचकाने कंटाळा केल्यास जावई गच्चीवरच राहतील, आणि त्याची जबाबदारी क्लबवर राहणार नाही.