चॅपेलची किल्ली कोणाकडे?

रविवारी सकाळी साडेनऊला फिर्मँ ब्लांशे गावच्या कारंज्यापाशी उभा राहून आपलं भाषण सातव्यांदा मनातल्या मनात म्हणत होता आणि त्याची बायको योव्हॉन त्याच्या कोटावरची कोंबडीची पिसं वेचत होती. खाली खोऱ्यातल्या पर्यटन कार्यालयातून मादाम विआल येणार होत्या. बारा उन्हाळे फिर्मँ पाहुण्यांना डोंगरावरच्या चॅपेलपर्यंत नेऊन आतली पाचशे वर्षांची भिंतीवरची चित्रं दाखवत आला होता. गेल्या उन्हाळ्यात सगळे मिळून अकरा जण आले, त्यातले दोघे नुसते गारा चुकवायला आत शिरलेले. तेव्हा फिर्मँऐवजी पाहुण्यांच्या कानाला लावायचं एक बोलकं यंत्र ठेवावं असं कार्यालयाचं चाललं होतं. त्याआधी एकदा फेरी बघून घ्यावी म्हणून बाई येणार होत्या, म्हणजे आज काय तो सोक्षमोक्ष. रस्त्यावरचं बर्फ काढायच्या गाडीवरून निवृत्त झाल्यापासून फिर्मँचा जीव या फेरीत अडकलेला होता. योव्हॉनचाही होता, कारण हा माणूस दिवसभर घरात बसला की तिच्या भांड्यांची मांडणी बदलायचा.

बाई वेळेवर आल्या. सोबत सहा पाहुणे होते. बाईंच्या हातात वही होती आणि ती बघून फिर्मँने भाषण आठव्यांदा मनात म्हणून घेतलं.

चॅपेलची किल्ली असायची लेओनीकडे, कारण दर गुरुवारी झाडलोट ती करायची. तिचं घर वाटेवरच होतं. आता या गावात कोणाकडे काही मागायचं तर उंबऱ्यात उभं राहून मागत नाहीत. आत जायचं, बसायचं, पेला हातात घ्यायचा, गुडघेदुखीची चौकशी करायची आणि मग सहज आठवल्यासारखं कामाचं काढायचं. फिर्मँने त्यासाठी दहा मिनिटं धरलीच होती. लेओनीने आठही जणांना बाकावर बसवलं, घरच्या अक्रोडाच्या वाइनचे पेले भरले आणि चीजचा एक मोठा गोल कापायला घेतला.

"चित्रं बघायला चाललाय ना?" ती पाहुण्यांना म्हणाली. "मग डुकरावर बसलेला खादाड नीट बघा. तो आमच्या मारियुसचा खापरपणजोबा. पोट बघा म्हणजे पटेल."

फिर्मँचा चेहरा पडला. चित्रात सात पापं सात जनावरांवर बसून नरकाकडे निघालेली होती. चित्रकार तो हिवाळा गावातच अडकला, रोज एकेका घरी जेवला आणि पापांना त्याने जेवू घालणाऱ्यांचीच तोंडं दिली, असं सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं होतं. फिर्मँच्या भाषणात मात्र यातला एक शब्द नव्हता. त्यात चुना होता, रंगांची माती होती आणि तीन बिशपांच्या कारकिर्दी होत्या.

"असं कुठे लिहिलेलं नाही बरं का," तो बाईंना घाईघाईने म्हणाला आणि एकदाचं किल्लीचं विचारलं.

"किल्ली? ती तर मी मारियुसला दिली. बाई यायच्या म्हणून कुलपाला तेल घालतो म्हणाला."

मारियुसचं घर ओढ्यापलीकडे. तिथेही बसावं लागलं. मारियुसने जेनेपीची, म्हणजे डोंगरी वनस्पतीच्या दारूची, बाटली काढली, सॉसेज कापलं आणि लेओनीने काय सांगितलं ते ऐकून घेतलं. पोटावरून हात फिरवत तो शांतपणे म्हणाला की खादाड आमचाच, नाही कोण म्हणतं, पण कुत्र्यावर बसून दुसऱ्याच्या ताटात बघणारी ती हेवेखोर बाई कोणाच्या घरातली ते लेओनीने सांगितलं का? पाहुण्यांतला एक जाडजूड गृहस्थ इतका हसला की त्याला ठसका लागला. किल्ली मात्र मारियुसकडेही नव्हती. तेल घालून झाल्यावर त्याने ती क्लेमाँसला दिली होती. बाई यायच्या म्हणून तिला फुलं ठेवायची होती.

क्लेमाँसकडे पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. ती शहाऐंशी वर्षांची. सिंहावर बसलेली, हातात आरसा घेतलेली गर्विष्ठ बाई आमच्या घरची, हे तिने दारातच जाहीर केलं आणि हनुवटी वर करून पाहुण्यांना दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवला. मग ब्लूबेरीचा केक आला. रागीट, कंजूष आणि चवचाल कोणाकोणाच्या घरचे तेही केकबरोबर आलं. फिर्मँ घड्याळाकडे बघत होता आणि बाई वहीत भराभर लिहीत होत्या. काय लिहीत असतील या विचाराने त्याला केक गिळवेना.

"क्लेमाँस, किल्ली," तो शेवटी म्हणाला. रीतभात सोडून, सरळ.

"चॅपेलमध्येच आहे की. तुला शोधाशोध नको म्हणून तिथेच ठेवून आले."

फिर्मँला इतकं हायसं वाटलं की पुढची अर्ध्या तासाची चढण तो तरुणासारखा चढला. चॅपेलच्या दारापाशी पोचून त्याने दाराला नेहमीसारखा खांदा लावला. दार हललं नाही. त्याने पुन्हा लावला. मग तो दाराशेजारच्या लहानशा जाळीच्या खिडकीतून आत डोकावला. समोर वेदीवर क्लेमाँसची डेलियाची फुलं होती आणि त्यांच्या पायाशी किल्ली.

गंमत अशी की किल्ली फिरवायची नसली की शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून जाताना दार नुसतं ओढून घ्यायचं, ही गावची चाळीस वर्षांची सवय. गंजलेलं कुलूप आपणहून कधी लागलंच नव्हतं. या खेपेला मारियुसने तेल घातलेलं होतं.

आठही जणांनी पाळीपाळीने खिडकीतून किल्लीचं दर्शन घेतलं. चित्रं खिडकीच्याच भिंतीवर असल्यामुळे बाहेरून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. फिर्मँने टोपी काढली, घसा साफ केला आणि भाषणाला सुरुवात केली. चुन्याचे थर कसे देतात ते दोन वाक्यांत सांगितलं आणि तो थांबला.

"बाई, यंत्रच लिहा," तो म्हणाला. "मला काही जमलं नाही." आणि खरोखरच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो जाडजूड गृहस्थ बोटं मोजत म्हणाला, "एक मिनिट. सहाच झाले. सातवा कोण?"

"आळशी," फिर्मँ म्हणाला. "गाढवावर झोपलेला." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "तो आमचा."

बारा वर्षांत त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्या कोपऱ्यात तो बॅटरीचा झोतही टाकत नसे. आता एकदा तोंडातून गेलंच म्हटल्यावर उरलेलंही सांगून टाकलं. त्याच्या पूर्वजाला चित्रकाराची शिडी धरायला ठेवलं होतं, तो शिडीला टेकून झोपी गेला आणि चित्रकार थेट डुकरावर, म्हणजे रंग अजून ओला असलेल्या खादाडावर आदळला. खादाडाचं पोट त्यामुळेच पसरलेलं, मारियुसच्या घराण्याचा त्यात दोष नाही. हे मारियुसला अजून कोणी सांगितलेलं नाही, कृपा करून तुम्हीही सांगू नका. पाहुणे गवतात बसून पोट धरून हसत होते. बाईंनी वही मिटून ठेवली होती.

पंधरा दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं. योव्हॉनने ते मोठ्याने वाचलं. फेरी पुढे चालू राहील आणि फिर्मँच नेईल. तीन घरं याच क्रमाने घ्यावीत, भाषण वगळावं आणि किल्ली मधल्या वाटेत सापडू नये याची दक्षता घ्यावी. चॅपेल शक्यतो उघडू नये, पाहुण्यांची निराशा होते.

"म्हणजे मी खोटं बोलायचं?" फिर्मँ म्हणाला.

"नाहीतर घरी बसायचं," योव्हॉन म्हणाली आणि भांड्यांच्या फळीकडे बघितलं.

सत्तर वर्षांच्या आयुष्यात फिर्मँ कधी खोटं बोलला नव्हता. आठवडाभर त्याने आरशासमोर तालीम केली आणि दर वेळी कान लाल झाले. पुढच्या रविवारी तेवीस जण आले. खिडकीची जाळी काढून बाहेर ओढलेली ती वीतभर लांबीची लोखंडी किल्ली कोटाच्या आतल्या खिशात बरगड्यांना टोचत होती. लेओनीच्या स्वयंपाकघरात दुसरा पेला झाला, गुडघे झाले, आणि मग फिर्मँने सहज आठवल्यासारखं विचारलं, "लेओनी, ती किल्ली कुठे आहे गं?"

इतकं सफाईने निघालं की त्याची त्यालाच लाज वाटली. पण तेवीस माणसं कान टवकारून बसलेली बघून त्याला बरंही वाटलं, आणि त्याने पेला पुन्हा पुढे केला.