पडद्यामागची फॅमिली

आनंदराव गजभिये यांनी एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये ठरवलं, की फॅमिलीला रामटेकजवळच्या खिंडसी तळ्याकाठी मुक्कामाला न्यायचं. आणि मुक्काम करायचा तो बसमध्येच.

हिंगण्याच्या एका कारखान्याची कामगार-बस त्यांनी बावीस वर्षं चालवली होती. बस आणि ते एकाच महिन्यात रिटायर झाले. (निरोपाच्या दिवशी बसलाही हार घातला होता, आणि तो जरा मोठा होता.) कारखान्यानं ती म्हातारी बस त्यांनाच देऊन टाकली. आनंदरावांनी सीटा काढून दोन खाटा ठोकल्या, स्टोव्ह ठेवला, पाण्याचा ड्रम बांधला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे सोलापुरी चादरीचा जाड पडदा लावला.

"चांगलं घर हाय आपलं, अन् बसमधी काहून झोपाचं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"पिकनिक म्हणते त्याले. तुले नाही समजत."

सुभद्राबाईंना सगळं समजत होतं. चार वर्षांपूर्वी मुकुंदानं बापानं त्याच कारखान्यात लावून दिलेली नोकरी नाकारली आणि तो भिलाईला गेला. तेव्हा आनंदराव म्हणाले होते, "जा, मले पोरगा नाही असं समजीन." तो गेला आणि त्यानं ते खरंच मानलं. आता आईनं फार विनवलं म्हणून बायको अंजना आणि तीन वर्षांची चिमी यांना घेऊन आला होता. आल्यावर बापाला जयभीम घातला, पण जमिनीकडे बघून. मग दोन दिवसांत बापलेकांत "नळ आला काय?" "आला." एवढंच बोलणं झालं.

आनंदरावांना वाटत होतं, स्टिअरिंग हातात असलं की आपल्याला बोलता येईल. (माणसाकडे तोंड करून बोलायची त्यांना सवयच राहिली नव्हती.)

वाटेत मनसरला चहा झाला. सगळे बसमध्ये चढले. आनंदराव रेडिएटरमध्ये पाणी घालत असताना चिमीला लागली म्हणून चौघंही खाली उतरली आणि सुभद्राबाईंनी मागचं दार बाहेरून धाडकन लावलं. आनंदरावांनी दाराचा आवाज ऐकला, "चला!" म्हणाले आणि बस सोडली.

रामटेक मागे पडल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"मुकुंदा, तवा मी जे बोललो ना… ते चुकलंच माझं."

त्यांनी गिअर बदलला.

"तू गेल्यावर मी रोज, जिथून तू कामाले चढला असता त्या स्टॉपवर हॉर्न वाजवत होतो. लोक हासत. पण हात जायेच गा."

मागं शांत. इतक्या शांतपणे मुकुंदानं त्यांचं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला. चांगले चार मैल ते बोलत राहिले, मधे एकदा रडलेसुद्धा. तळ्याकाठी, अगदी पाण्याला लागून त्यांनी बस उभी केली, डोळे पुसले आणि पडदा सरकवला.

दोन खाटा, स्टोव्ह आणि चिमीची एक चप्पल.

ते घाईनं परत फिरायला गेले, तर मागची चाकं गाळात हातभर रुतली. आता वाट बघण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी सतरंजी अंथरली आणि पत्रावळींची पाच ताटं मांडली. शेजारी कुठल्याशा ऑफिसच्या लोकांची सहल आली होती. गाणी चालली होती. त्यातली एक बाई चिवडा घेऊन आली.

"काका, येवढी मोठी गाडी, अन् एकटेच?"

"एकटा कायले? फॅमिली हाय."

"कुठी हाय?"

"मागं."

बाईनं बसमध्ये डोकावून पाहिलं, ताटांकडे पाहिलं, चिवडा हळूच खाली ठेवला आणि गेली. त्यानंतर तिकडची गाणी जरा हळू झाली.

ऊन डोक्यावर आलं, मग उतरलं. आनंदरावांना एकच भीती वाटत होती. मुकुंदाला वाटलं असेल, बापानं आपल्याला दुसऱ्यांदा रस्त्यावर सोडलं. तो तिथूनच भिलाईची गाडी धरेल. ताटं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येकात एकेक दगड ठेवला आणि ते त्या दगडांसमोर बसून राहिले.

चार वाजता घामाघूम झालेला मुकुंदा चहावाल्याची सायकल घेऊन आला.

"बाबा! आमी वाट पाहून राहिलो तिकडं! वाटलं, आता याल, मग याल. तुमी इथं ताटं मांडून बसले?"

"मले वाटलं तू मागं हायस. मी बोलून राहिलो होतो तुह्यासंगं."

"काय बोलत होते?"

आता स्टिअरिंग नव्हतं, पडदा नव्हता. आनंदरावांनी तळ्याकडे तोंड केलं, पण ते जमेना. शेवटी पोराकडे बघूनच म्हणाले, "चुकलं माझं. घरी येत जा."

चार मैलांचं भाषण तेवढ्यात संपलं.

मुकुंदा बराच वेळ सायकलचं हँडल पुसत राहिला. मग खाली बसला आणि एका ताटातला दगड काढून चिवडा ओतून घेतला.

"येवढ्यासाठी बस काहून आणली, बाबा? एक पोस्टकार्ड टाकाचं होतं. चार वर्षं वाट पायली मी."

"अक्षर खराब हाय माहं," आनंदराव पुटपुटले.

"बरं, उठा आता. कॅरिअरवर बसा."

"बस फसली हाय, ते काढाले लागन ना?"

"बस राहू द्या," मुकुंदा म्हणाला. "मले तुमाले फक्त आईपुढं नेऊन उभं कराचं हाय. तिनं सांगितलं, 'बुढा जिवंत असन तरच आण, बाकीचं मी पायते.'"