बारा नावांचा चित्तेखाना

श्री. माळावरच्या हिवराच्या झाडास नमन, वाऱ्यास नमन, आणि ज्यांची पावले माळाच्या धुळीत उमटत होती व आता उमटत नाहीत, त्यांस नमन करोन हकीकत लिहिली ती येणेप्रमाणे. शके सोळाशे आणि वर काही, वरचा आकडा घडीवर झिजला, रौद्र नाम संवत्सर.

त्या राज्यात सिंहासनाचा मान बारा चित्त्यांचा. दसऱ्यास महाराजांची स्वारी सीमोल्लंघनास निघे तेव्हा पुढे बारा बैलगाड्या चालत, आणि गाडीगणिक एक चित्ता डोळ्यांवर कातड्याची टोपी लेऊन बसे, आणि भालदार एकेकाचे नाव पुकारी, मल्हारी, शेवंती, फत्तेलष्कर, गुलछडी, ऐसी बारा नावे, आणि रयत माना लववी. ही नावे महाराजांच्या पणजोबांनी ठेविली होती आणि ती कधी बदलत नसत. चित्ता मेला तरी नाव मरू देत नसत. माळावरोन नवा धरोन आणीत आणि तेच नाव त्याचे कानी सांगत, आणि मग मागचा मेला ऐसे कोणी म्हणत नसे. म्हणोन त्या राज्यात चार पिढ्यांत एकही चित्ता मेला नाही, ऐसी दरबाराची ख्याती होती. चित्तेखान्यात पिल्ले होत नसत, परंतु तेही कोणास खटकले नाही, कारण मोजता बारा भरत.

चित्तेखान्याचे नाईक शिदोजी. माणूस उंच, बोलणे थोडे, दोन्ही हातांवर नखांचे जुने वळ. माळावर एक म्हातारे हिवर होते. त्याचे बुंध्यावर नखे घासावयास आणि आपला वास ठेवावयास मुलुखातले यच्चयावत चित्ते येत, जैसे गावकरी पारावर यावे. तेथेच शिदोजींचा आजा कातड्याच्या वादीचे फासे मांडी, तेथेच बाप, आणि तेथेच शिदोजी. फाशात पाय गुंतला की जनावर आधी उसळे, मग थकोन बसे, आणि मग शिदोजी मागोन जाऊन टोपी घालीत आणि जनावर शांत होई. "त्याला उजेड पळवतो," ते म्हणत. "उजेड काढून घेतला की ते आपलं." धरावयाचे ते मोठेच जनावर, कारण शिकार आईवाचोन पिल्लास कोणी शिकवू शकत नाही. आई धरली तर पिल्ले गवतात राहत, आणि मग तरस त्यांचे काय करी, ते पाहावयास शिदोजी थांबत नसत.

ऐसे चालता त्या वर्षी मल्हारी मेला आणि फासे सारा उन्हाळा रिकामे राहिले. शिदोजी कारभारी लखोपंतांचे भेटीस गेले आणि म्हणाले, "पंत, बुंध्यावर एकाच नराची नखं आहेत. बाकी साल भरून आली."

"मग तोच आणा की. मल्हारीची गाडी रिकामी आहे."

"तो शेवटचा असला तर?"

पंत हसले. "नाईक, आमच्या सासूबाई वीस वर्षं म्हणताहेत, हा माझा शेवटचा दसरा. अजून कडबोळी दातानं फोडतात! तुमचा बापही हेच म्हणायचा आणि पुढल्या महिन्यात दोन आणायचा." तरी पंत धोरणी. त्यांनी शेजारच्या राज्यांत एकेक चित्ता मागावा म्हणोन जासूद धाडिले. ते तिठ्यावरच्या धर्मशाळेत उतरले, तो तेथे शेजारच्या दोन राज्यांचे जासूद आधीच चूल पेटवोन बसलेले. कोठे निघालात म्हणोन पुसिले तर ते म्हणाले, "तुमच्याचकडे. एखादा चित्ता मिळतो का बघायला." मग सर्वांनी मिळोन पिठले-भाकर खाल्ली आणि जो तो आल्या वाटेने माघारा गेला. महाराज म्हणाले, "शेजारी कंजूष झाले." दरबाराने होकार भरिला.

शिदोजी घरी येऊन भिंतीस टेकोन बसले. त्यांचे कबिल्याचे नाव आवडाबाई. ती म्हणाली, "धनी, शेवंतीला घेऊन जा आणि त्या झाडाखाली सोडा."

"महाराजांचं जनावर सोडलं तर हात तोडतील, आवडे."

"तोडू देत. मी भरवीन. पण तो नर एकटा तिथं कुणासाठी वास ठेवतोय?" आणि ती आणखी म्हणाली, "परवा एक काळवीट खोकताना बघितलं मी. पाय ओढत होतं. धापेचं जनावर आधी उचलायचं, हे चित्त्याचं काम. त्यानं उचललं नाही तर कळपाला धाप लागते, आणि कळपामागनं आपल्या शेरडांना. मग टोपी कुणाकुणाला घालाल?"

ही शेवंती त्या नावाची पाचवी. शिकारीचे ताजे रक्त बक्षीस म्हणोन पळीतोन पाजीत, ती पळी हातात दिसली की ती पाखरासारखी चिवचिवे आणि शिदोजींचे मनगट चाटी. तिजवर त्यांचा लेकीऐसा जीव. माळावर मोकळी धावेल, नर मागे लागेल, तरच पिल्ले होतील, हे तेही जाणत होते आणि आजवर कोणास बोलले नव्हते. मग एके दिवशी तांबडे फुटता त्यांनी फासे काढिले, शेवंतीस गाडीत घालोन हिवराखाली नेले, गळ्याचा पट्टा सोडिला आणि टोपी काढिली. ती डोळे मिचकावीत उभी राहिली. मग तिने बुंध्याचा वास घेतला आणि ऐसी धावली की गवत दुभंगत गेले. दूर टेकाडावर नर उठोन उभा राहिला. शिदोजींचे डोळे भरोन आले. ते पळी झाडाखाली फेकोन पायीच माघारा फिरले, आणि गाडीचे बैल आपल्या वळणाने पुढे घराकडे निघोन गेले.

परंतु शेवंतीस माळ ठाऊक नव्हता, गाडी ठाऊक होती. शिदोजी चित्तेखान्याशी पोचले तो ती गाडीवर बसोन, मान पुढे करोन, टोपीची वाट पाहात होती. आणि तिच्या वासामागे, जो शिदोजींचा आजा, बाप आणि खुद्द शिदोजी ऐशा तिघांस चुकविणाऱ्या कुळातला, तो नर आपल्या पायांनी वेशीत शिरला होता. पहारेकऱ्यांनी जाळे टाकिले. शिंगे फुंकली. लखोपंत धावत आले आणि शिदोजींस पोटाशी धरोन म्हणाले, "वा नाईक! पोर पाठवून जावई आणलात!" महाराजांनी भर दरबारी शिदोजींचे हाती सोन्याचे कडे घातले. ज्या हाती कडे घातले, तो हात तोडावयाचा होता हे दोघांस ठाऊक होते, एक शिदोजींस आणि एक आवडाबाईस.

मग त्या नराचे कानी मल्हारी ऐसे सांगितले. मग पिल्ले व्हावी म्हणोन भटजींस मुहूर्त पुसिला, आणि चित्तेखान्यात मांडव घातला, आणि दोहोंच्या मध्ये अंतरपाट धरिला, आणि मंगलाष्टके म्हटली, आणि चौघडा ऐसा वाजला की मल्हारीने भिंतीवर डोके आपटोन घेतले. शेवंती शिदोजींचे मागे लपली. मल्हारीने पुढे अन्न घेतले नाही. शिदोजी त्याजपाशी बसोन राहिले, पळी पुढे करीत राहिले. तो पळीकडे न पाहता भिंतीतल्या झरोक्याकडे पाही, आणि पाहता पाहताच गेला.

पुढे दसरा आला. एकामागोन एक गाड्या रिकाम्या जाहल्या होत्या आणि माळावर कोणी नव्हते, तेव्हा पंतांनी अंगाने सडपातळ ऐसी कुत्री निवडोन त्यांस काजळाचे ठिपके दिले आणि टोप्या घातल्या. भालदाराने मल्हारी म्हणोन पुकारिता कुत्रे भुंकले. रयतेने माना लवविल्या. महाराज म्हणाले, "यंदा चित्ते तेजस्वी दिसतात." तिकडे माळावर धाप एका कळपातोन दुसऱ्यात गेली, आणि काळविटे पाणवठ्यावर पडली, आणि मग शेरडे, आणि मग नांगराचे बैल, आणि माणसे दुसऱ्या मुलुखास निघाली, आणि मग शेवंतीही मेली आणि…

आणि तिचे नाव मात्र शिदोजींनी कुत्र्यास देऊ दिले नाही. ती एक गाडी दसऱ्यास रिकामी चाले. पंत रागे भरले, "नाईक, मानात खोट येते." शिदोजी म्हणाले, "येऊ द्या."

ते रोज हिवरापाशी जाऊन बसत. बुंध्यावरची शेवटच्या नराची खूण भरोन येत चालली होती. ते त्यांस बघवेना. मग त्यांनी हातातले सोन्याचे कडे काढिले आणि त्याच्या धारेने साल खरवडिली, नखाऐसी, खाली ओढोन. दुसरे दिवशी पुन्हा. आवडाबाईने पुसिले, "कशापायी, धनी?" ते म्हणाले, "झाडाला वाटू नये, कोणी येत नाही."

पंतांच्या माळ पाहणाऱ्यांनी बुंध्यावर ताज्या खुणा पाहिल्या. राजधानीत साखर वाटिली. चित्ते परतले ऐसी द्वाही फिरविली, आणि नाइकांचे चित्त ठिकाणी नाही म्हणोन त्यांस न कळविता हिवराभोवती फासे मांडिले. सकाळी पाहणारे गेले तो फाशात शिदोजी. पाऊल वादीत गुंतलेले, पोटरी सोललेली. आधी उसळले असावेत, कारण भोवतालची माती उकरलेली होती. आता थकोन बसले होते. एकाने वादी कापावयास सुरी काढिली, तो नाइकांनी त्याचा हात धरिला.

"आधी टोपी घाल," ते म्हणाले. "आणि पंतांना विचार, कोणतं नाव रिकामं आहे."

त्या पाहणाऱ्याच्या कमरेस चित्त्याची एक जुनी टोपी होती. त्याने भीत भीत ती घातली. नाईक शांत जाहले.

त्या दसऱ्यास बाराही गाड्या भरोन निघाल्या. भालदाराने नावे पुकारिली आणि नावागणिक कुत्री भुंकली. मग शेवंती म्हणोन पुकारिले. त्या गाडीवर कोणी टोपी लेऊन, मान पुढे करोन बसले होते. ते भुंकले नाही.

तात्पर्य, नावे पुरी आहेत, राज्य सुखरूप आहे, माळ मोकळा आहे. इति.